राउटरखालची फळी

हार्टमूटला काही समजावून सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. हे मी आज म्हणत नाही, माझी बहीण इर्मगार्ट त्याच्याशी लग्न करायला निघाली तेव्हाच तिला म्हटलं होतं. ती हसली. म्हणाली, "सुतार आहे गं तो. हट्टी नसेल तर दार चौकटीत कसं बसवेल?"

इर्मगार्ट गेली, आणि तिचा हा हट्टी सुतार शेजारच्या घरात माझ्या वाट्याला ठेवून गेली. त्या वर्षीच्या हिवाळ्यात तो तळघराच्या जिन्यावरून पडला. बटाटे आणायला उतरला होता. दुपारच्या कॉफीला आला नाही म्हणून मी बघायला गेले, तर हा खाली फरशीवर आडवा, आणि मला म्हणतो काय, "ट्राउडल, आधी बटाटे उचल, घरंगळतायत." खुबा मोडला होता. इस्पितळातून परत आला तो काठी घेऊन आणि डॉक्टरीणबाईंचं बजावणं घेऊन, की या माणसाने यापुढे एकट्याने राहायचं नाही.

मी तरी काय करणार? मी जन्मभर शाळेची बस चालवली, माझे गुडघे त्या बसमध्येच राहिले. मी त्याच्यावर ओरडू शकते, त्याला उचलू शकत नाही.

राहता राहिली स्वेन्या, त्यांची एकुलती एक लेक. ती लाइपझिगला चौथ्या मजल्यावरच्या दीड खोलीत राहायची आणि तिथे लिफ्ट नव्हती, म्हणजे बापाला तिकडे नेणं शक्य नव्हतं. कर्णबधिर माणसांची ती दुभाषी आहे. पण ती कुणासोबत कुठे जात नाही. ऐकू न येणारा माणूस डॉक्टरांपुढे किंवा कचेरीत बसतो, समोर छोटा पडदा ठेवतो, आणि त्या पडद्यावर स्वेन्या असते. डॉक्टर बोलतात ते तिच्या कानात जातं आणि तिचे हात ते त्या माणसाला सांगतात. तिचं सगळं काम त्या चित्रावर.

ईस्टरला ती घरी आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर तिनेच विषय काढला.

"पपा, मी इकडे येते. वरची माझी खोली आहेच. मी कुठे बसून काम करते याचं माझ्या ऑफिसला काही देणंघेणं नाही. फक्त इंटरनेट धड पाहिजे. चित्र अडकता कामा नये."

"चित्र कशाला अडकेल?" हार्टमूट म्हणाला.

"अडकतं, पपा. मागच्या रविवारी तू मला अर्धा तास तोंड उघडं टाकलेला दिसत होतास."

"मी जांभई देत होतो."

"अर्धा तास?"

मी हसले, पण हार्टमूट हसला नाही. कारण दुसरा रस्ता कुठला ते त्याला ठाऊक होतं. लाउटरबाखच्या वृद्धाश्रमात शरद ऋतू लागताना एक खोली रिकामी होणार होती आणि त्या खोलीसाठी त्याचं नाव लावून ठेवलेलं होतं. त्या आश्रमाची दारं हार्टमूटनेच बसवली होती, त्याच्या कामाच्या दिवसांत. एकदा बाकावर बसलेलो असताना तो मला म्हणाला होता, "तिथली दारं बाहेरच्या बाजूला उघडतात, ट्राउडल. का माहितीये? आत कुणी दाराला टेकून कोसळलं तर बाहेरच्यांना दार उघडता यावं म्हणून. आतून कुणी धरून ठेवू शकत नाही ते दार." मरायला तो घाबरत नव्हता, त्या दाराला घाबरत होता.

म्हणून राउटर.

त्याच उन्हाळ्यात नवा कायदा आला होता. टेलिफोन कंपनी देईल तोच राउटर वापरायची सक्ती संपली, आता ज्याने त्याने आपल्या पसंतीचा आणावा. हार्टमूटने ती बातमी मला कुंपणापाशी उभं करून दोनदा वाचून दाखवली. "बघ! माझ्या घरात कुठला डबा बसवायचा हे मी ठरवणार. हक्क आहे!" जिन्याखाली कंपनीचा जो पांढरा राउटर वर्षानुवर्षं धूळ खात लुकलुकत होता, त्याच्याकडे तो असा बघत होता की जणू त्यानेच लेकीला लाइपझिगला अडवून धरलंय.

आल्सफेल्डच्या दुकानात मीच त्याला गाडीतून घेऊन गेले. एक अख्खी भिंत भरून राउटर मांडलेले होते. विकणारा माणूस तरणाताठा, दाढी कोरलेली, हसू तयार. हार्टमूटने एक राउटर उचलला आणि बोटाच्या पेराने टकटक केली.

"पोकळ आहे."

"प्लास्टिकच असतं हो सगळं," तो म्हणाला.

"आणि ही शिंगं?"

"अँटेना आहेत त्या. याला चांगल्या आठ आहेत. घरभर सिग्नल पोचतो. कानाकोपऱ्यात."

"तळघरात?"

"तळघरात कशाला लागतं तुम्हाला इंटरनेट?"

"तिथे पडायची सवय आहे त्याला," मी म्हटलं.

विकणारा हसावं की नाही या विचारात पडला. मग त्याने विचारायचं ते विचारलं. "तुमच्या घरात येणारी लाइन केवढी आहे?"

"लाइन भिंतीतून येते," हार्टमूट म्हणाला.

"ते झालंच. पण वेग किती? कुठलं गाव?"

"डोर्नरोट."

"अच्छा, डोर्नरोट." त्याचं हसू जरा खाली उतरलं. "हे बघा, राउटर कितीही भारी घ्या, तारेतून जेवढं येतं तेवढंच तो देणार. आणि तुमची मुलगी चित्र पाठवणार, म्हणजे जाणारी बाजू महत्त्वाची. टेलिफोनच्या तारेवर जाणारी बाजू मुळातच अरुंद असते. त्यात तुमचं गाव..."

"सगळ्यात चांगला कुठला?" हार्टमूटने विचारलं.

"मी काय म्हणतो..."

"ऐकलं मी. सगळ्यात चांगला कुठला?"

परत येताना मांडीवर ते शिंगांचं खोकं धरून तो बसला होता. मी म्हटलं, "तो पोरगा खोटं बोलत नव्हता, हार्टमूट. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"तू बस चालवलीस ना? मग रस्त्याकडे बघ."

शिंगवाला राउटर लावला. घरभर सिग्नल आला, अगदी तळघरातही. हार्टमूट काठी टेकत प्रत्येक खोलीत जाऊन फोनवरच्या पट्ट्या बघत होता आणि मला खिडकीतून ओरडून सांगत होता, "न्हाणीघरात पूर्ण! लाकडाच्या खोपटात पूर्ण!" संध्याकाळी स्वेन्याला चित्रासकट फोन लावला. ती म्हणाली, "पपा, मला तुझा आवाज येतोय, तू मात्र पुन्हा जांभई देतोयस."

मग त्याने अभ्यास सुरू केला. तपासणीची मासिकं मागवली. पोट त्यावरच चालत असावं तसा तो माणूस नाश्त्याच्या वेळी, लिव्हर सॉसेजच्या पावावर मासिक उघडं ठेवून राउटर वाचत बसायचा. एका मासिकात त्याला सापडलं की एक अमुक राउटर आहे, दिसायला साधा, शिंगं नाहीत, पण लांबच्या, जुनाट तारेवरही तग धरतो. तो मागवला. आणि खरं सांगायचं तर तो बरा निघाला. लाइन दिवसातून चारदा तुटायची ती तुटेनाशी झाली. हार्टमूटला वाटलं, जिंकलो. मलाही क्षणभर तसं वाटलं. माणसाला वाटायला काय लागतं?

त्या राउटरसाठी त्याने बाहेरच्या खोलीत, टेलिफोनच्या सॉकेटशेजारी, फळी ठोकली. काठीच्या आधाराने उभं राहून, तोंडात स्क्रू धरून. मी बघत होते. फळी लार्चच्या लाकडाची, कडा गोल केलेल्या, एवढ्याशा डब्यासाठी फारच देखणी. तो ती भिंतीला लावायला वळवत असताना मला तिची खालची बाजू दिसली. पिवळा रंग, त्यावर हिरवी अक्षरं.

"हार्टमूट," मी म्हटलं, "ही ती फळी आहे."

"चांगलं लाकूड आहे. टाकायचं थोडंच?"

ती कुठली फळी ते आमच्या गावात कुणीही सांगेल. काही वर्षांपूर्वी टेलिफोन कंपनीला आमच्या गावात एक मोठं राखाडी कपाट उभं करायचं होतं. ते कपाट आलं असतं तर वेगवान इंटरनेट तिथपर्यंत काचेच्या तारेतून आलं असतं आणि पुढे जुन्या तारेला घरापर्यंत चार पावलंच जावं लागलं असतं. कपाट कुठे ठेवायचं, तर गावच्या जुन्या पावभट्टीसमोर, लिंडनच्या झाडाखाली, कारण गावच्या सगळ्या तारा तिथेच एकत्र येतात. आणि त्याच वर्षी डोर्नरोट सुंदर गावांच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत पोचलं होतं. खिडक्याखिडक्यांत जिरेनियमची फुलं, पावभट्टीला नवा चुना, परीक्षक मंडळी येणार म्हणून कोंबड्यासुद्धा कोंडून ठेवलेल्या. गाव सुशोभन मंडळाचा अध्यक्ष कोण? हार्टमूट. तो म्हणाला, हे धूड दिसायला घाण आहे, वर रात्रंदिवस गुणगुणतं, लिंडनखाली ते उभं राहणार नाही. आगीच्या बंबाच्या खोपटामागे ठेवा. कंपनी म्हणाली, तारा तिथे नाहीत. मंडळ म्हणालं, मग नको. मी कुठल्याच मंडळात नव्हते, मला ना कपाटाशी देणं ना पदकाशी. पण गाव पेटलं होतं. झाडाला पाटी लागली, 'आमच्या लिंडनसमोर राखाडी कपाट नको!' फळी हार्टमूटने रंधून दिली आणि अक्षरं रंगवली त्याच्या लेकीने. तेव्हा ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. हात असा सुरेख, की परीक्षकांपैकी एकाने त्या पाटीचाच फोटो काढला.

कंपनीने कपाट उचललं आणि टेकडीपलीकडच्या आइशेनरोटला नेऊन ठेवलं. त्यांच्याकडे ना लिंडन ना लाज. आम्हाला सुवर्णपदक मिळालं, ते पावभट्टीच्या भिंतीवर आजही आहे, पावसाने काळं पडलेलं. आइशेनरोटची पोरं घरात बसून सिनेमे बघतात. आमच्याकडे हवामानाचं चित्र उघडेपर्यंत पाऊस येऊन जातो.

"स्वेन्याला काही बोलू नकोस," हार्टमूट स्क्रू पिळत म्हणाला.

"कशाबद्दल?"

"कपाटाबद्दल. ती विसरली असेल. लहान होती."

"लहान? मतदान करायच्या वयाची होती."

"ट्राउडल." त्याने तोंडातला शेवटचा स्क्रू काढला. "पोरगी घरी यायची म्हणतेय. तिला असं वाटायला नको की तिनेच स्वतःच्या हाताने... नाही म्हणजे नाही. रंगवलेली बाजू खाली राहील. कोण वाकून बघतंय?"

ऑगस्टच्या अखेरीस स्वेन्या आली, चार दिवस घरूनच काम करून बघायला. हात उठून दिसावेत म्हणून गडद निळा सदरा, मागच्या भिंतीवर राखाडी कापड ताणलेलं, कानांवर हेडफोन. तिने लांबलचक तार आणली होती. ती राउटरला लावून जिन्याने वर आपल्या खोलीपर्यंत नेली, म्हणाली, हवेतल्या सिग्नलवर मी विश्वास ठेवत नाही. हार्टमूट जिन्याच्या तळाशी खुर्ची टाकून राखण करत बसला. मला त्याने माझ्या घरातलं धुण्याचं यंत्र बंद ठेवायला लावलं.

"अरे, माझ्या धुण्याचा तुझ्या तारेशी काय संबंध?"

"असू शकतो."

मी बंद ठेवलं. चार दिवसांचं धुणं साठलं तर माझं काय जात होतं! पहिला दिवस बरा गेला. दुसराही. छोटी कामं होती, कुणाला वीज कंपनीशी भांडायचं होतं, कुणाला शाळेत मुलाची सुट्टी मागायची होती. संध्याकाळी स्वेन्या खाली येऊन बापाच्या डोक्यावर हात फिरवून म्हणायची, "चाललं की रे, पपा." त्या दोन दिवसांत हार्टमूटने वरच्या खोलीची खिडकी तासून घेतली, कारण ती हिवाळ्यात अडकते. हिवाळ्याचा विचार करायला लागला होता तो.

तिसऱ्या दिवशी मी प्लमचा केक घेऊन गेले तर स्वेन्या स्वयंपाकघरात बसलेली. कामाच्या वेळेत. हार्टमूट तिच्यासमोर.

"काय झालं?"

"सांगायचं नसतं आम्ही," स्वेन्या म्हणाली. "नाव-गाव काही सांगणार नाही. एक माणूस होता डॉक्टरांकडे. तपासणीचा निकाल ऐकायला आला होता. डॉक्टर म्हणाले, गाठ आहे. मी ते सांगितलं. मग ते म्हणाले, पण ती साधी आहे, काळजीचं काही नाही. मी तेही सांगितलं. पूर्ण सांगितलं. पण माझे हात त्याला दिसलेच नाहीत. मला तो दिसत होता, मावशी. अगदी स्वच्छ. येणारं चित्र चाललं होतं, जाणारं अडकलं होतं. त्याच्या पडद्यावर मी 'गाठ आहे' एवढ्यावर थांबलेली, आणि मी इकडे हात हलवतेय, हलवतेय. तो माझ्याकडे बघत बघत खुर्चीत खाली खाली जात होता. डॉक्टरांना वाटलं, त्याला कळलंय. ते आपले हसत होते."

"मग?"

"मग कॉलच बंद पडला. दुसऱ्या दुभाषीने पुढचं सांगितलं म्हणे. पण मध्ये तो तेवढा वेळ..." ती केककडे बघत राहिली. "हे काम असं नाही करता येत, पपा. तुझा राउटर चांगला आहे. खरंच चांगला आहे. त्याची चूक नाही."

"अजून एक आहे," हार्टमूट म्हणाला. "मासिकात आहे. दोन लाइनी जोडतो. आणि छपरावर थाळी लावली तर आकाशातून..."

"थाळीवर बोलणं मागाहून पोचतं, पपा. मी विचारलंय. मोबाईल टेकडीआड लागत नाही, तेही बघितलंय. सगळं बघितलंय मी."

हार्टमूटने मान हलवली आणि मला म्हणाला, "ट्राउडल, केक काप." मी कापला. कुणी खाल्ला नाही.

मग रविवार आला. आमच्याकडे रविवारी कुणी गवत कापत नाही, हातोडी उचलत नाही, ओले कपडेसुद्धा दर्शनी बाजूला वाळत घालत नाही. आणि हा नियम न पाळणाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहणारा कोण, तर हार्टमूट. चर्चची घंटा वाजत होती, स्वेन्या आईच्या कबरीवर पाणी घालायला गेली होती, आणि मला कुदळीचा आवाज आला. खिडकीतून बघते तर हा दर्शनी बागेत, इर्मगार्टच्या गुलाबांमध्ये. काठी कुंपणाला टेकवलेली. गुलाब मुळासकट उपटून वाटेवर रांगेने ठेवलेले.

"वेड लागलंय का तुला? खुबा मोडलाय तुझा! आणि ते इर्मीचे गुलाब आहेत!"

"माहितीये कुणाचे आहेत ते." त्याचा चेहरा लाल झाला होता, श्वास लागला होता. "इथून रस्त्यातली तार जवळ आहे. मी त्यांना जागा देतो. माझी स्वतःची. पायाही मी घालून देतो. आणावं त्यांनी कपाट आणि ठेवावं इथे. माझ्या दारात. गुणगुणू दे मेलं."

"अरे, ते आता येणारेत का?"

"विचारायचं तर खरं."

मला राग आवरेना. "हे करण्यापेक्षा तिला खरं सांग ना! राउटर राउटर काय लावलंयस कधीचं? सांग की कपाट दारात आलं होतं आणि आपण ते हाकलून दिलं. निदान तिला कळेल तरी की कशामुळे झालं हे."

तो कुदळीवर टेकून उभा राहिला. "'आपण' म्हटलं की ती त्यात आली, ट्राउडल. जन्मभर तिच्या डोक्यात राहील. बाप आश्रमात गेला, कारण मी पाटी रंगवली. मला राउटर निवडता आला नाही, असंच वाटू दे तिला. म्हातारा बावळट होता, एवढंच वाटू दे."

मी त्याच्या हातातून कुदळ घेतली. ओढून नाही घेतली, त्यानेच दिली. खड्डा तसाच राहिला. स्वेन्या परत आली तेव्हा त्याने तिला सांगितलं की गुलाबांना कीड लागली होती. तिने खड्ड्याकडे बघितलं, वाटेवरच्या टवटवीत गुलाबांकडे बघितलं आणि म्हणाली, "हो का?"

सोमवारी त्याने कंपनीला फोन लावला. मी शेजारी बसले होते. बराच वेळ गाणं ऐकू आलं, मग एक बाई बोलायला लागली, आवाज गोड, घाई नसलेली. हार्टमूटने सगळं सांगितलं, जागा, पाया, तार किती जवळ आहे ते. बाईने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली की त्याचं बोलणं फार स्तुत्य आहे, पण टेलिफोनच्या तारेसाठी नवी कपाटं आता आम्ही उभी करत नाही. यापुढे सरळ घरापर्यंत काचेची तार.

"मग ती आणा."

"आणणारच आहोत. फक्त तुमचं गाव अजून योजनेत नाही."

"कधी येईल योजनेत?"

"ते मला सांगता येत नाही. तुमच्या इथे आधी एखादं कपाट असतं तर मधल्या काळात काही करता आलं असतं. तेव्हा का नाही बसवलं कुणास ठाऊक. मला इथे दिसत नाही."

"मलाही ठाऊक नाही," हार्टमूट म्हणाला, तिचे आभार मानले आणि फोन ठेवला.

आली ती काचेची तार, काही वर्षांनी आली. आता गावात सगळीकडे आहे. त्याचं मी काय करू?

हार्टमूट जायचा त्या दिवशी स्वेन्या लाइपझिगहून भाड्याची मोठी गाडी घेऊन आली. सामान फार नव्हतंच. आश्रमातल्या खोलीत पलंग, टेबल, राउटर सगळं त्यांचंच, आणि तारही चांगली, काचेची. तिथे चित्र अडकणार नाही, असं तिने बापाला सांगितलं. तो म्हणाला, "छान." आपले रंधे, पटाश्या, करवती त्याने आदल्या दिवशीच गावातल्या लोकांना वाटून टाकल्या होत्या. एक छोटा रंधा मात्र कोटाच्या खिशात होता. मी बघितलं.

तो गाडीत जाऊन बसला, पट्टा लावला, दोन्ही हात काठीवर. स्वेन्या घर बंद करायला आत आली आणि मी तिच्या मागे. बाहेरच्या खोलीत ती राउटरपाशी थांबली. दिवा हिरवा होता. हिरवाच असायचा तो नेहमी, घरात कधीच काही बिघडलेलं नव्हतं.

"मावशी, एक काम करशील? आम्ही गेलो की ही फळी काढून तुझ्याकडे ने. घर बघायला लोक येतील, त्यांच्यातलं कुणीतरी उलटी करून बघेल, गावात बोलेल, आणि पपाच्या कानावर जाईल."

"काय जाईल?"

"अगं, मी पहिल्याच दिवशी बघितली. तार लावायला खाली वाकले तर डोळ्यांसमोर माझंच अक्षर. ते वळण मी किती वेळ घोटत बसले होते तेव्हा." तिने फळीच्या खालून हात फिरवला, रंगाचे पोपडे तिच्या बोटांना लागले. "त्याच्या लक्षात नसेल गं. चांगलं लाकूड दिसलं, घेतलं असेल, तो तसाच आहे. मी आठवण करून दिली तर म्हणेल, मी अध्यक्ष होतो, माझ्यामुळेच सगळं झालं. जन्मभर उगाळत बसेल तिथे एकटा. त्यापेक्षा राउटर चांगला नव्हता, असंच वाटू दे त्याला."

मला दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली. आणि त्याच वेळी असं भडभडून आलं की मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. सांगून टाकावं का? एक वाक्य पुरलं असतं. पण एकाला वचन दिलेलं, आता दुसरी मागत होती, आणि बाहेर गाडी सुरू होती. सांगितलं असतं तरी तो जाणारच होता. जड मनाने चालला होता, वर आणखी दोघांचं एकमेकांसाठी रडणं कशाला?

"नेईन मी फळी," मी म्हटलं. "तू जा."

ती दिवे बघायला वर गेली. मी गाडीपाशी गेले. हार्टमूटने काच खाली केली.

"काय म्हणत होती एवढा वेळ?"

"कुंडीला पाणी घाल म्हणाली."

"फळीकडे बघितलं का तिने?"

"नाही."

"नक्की?"

"अरे नाही म्हटलं ना! कोण वाकून बघतंय?"

त्याने श्वास सोडला. खांदे खाली आले. ईस्टरपासून मी त्याला इतका हलका झालेला बघितला नव्हता. "बरं झालं," तो म्हणाला, आणि खड्ड्याकडे बोट करून, "तेवढा बुजवून घे कुणाकडून तरी. पाय जाईल कुणाचा."

स्वेन्या आली, बसली. गाडी पावभट्टीवरून, लिंडनखालून वळली. तिने खिडकीतून हात बाहेर काढला होता, तो काठी हलवत होता. दोघंही माझ्याकडे बघत होती, एकमेकांकडे नाही.

मी आत गेले, राउटर बाजूला ठेवला आणि फळीचे स्क्रू काढायला घेतले. पण ते हार्टमूटने बसवलेले होते. एकही हलेना.